कोरल टँकचा दिवा: वॉट बाजूला ठेवा, कोरलच्या जागेवर किती उजेड पोचतो ते मोजा

झोअँथिड या सॉफ्ट कोरलचा एखादा फ्रॅग, म्हणजे तोडून लावलेला तुकडा, वाळूवर, कोपऱ्यात ठेवून महिनाभर पाहा. जागा अंधारी असेल तर पॉलिपांचे (वसाहतीतल्या एकेका छोट्या जीवाचे) देठ लांबत जातात आणि एरवी चटईसारखी बसकी दिसणारी वसाहत गवतासारखी उभी राहते. तोच फ्रॅग वरच्या दगडावर, ऐन दिव्याखाली चिकटवला तर पॉलिप आखडतात, आणि उजेड फारच झाला तर दिवसभर मिटून राहतात. दिवा तोच, पाणी तेच, फ्रॅगही तोच. फरक पडला तो फक्त जागेचा. म्हणून 'माझ्या टँकला किती वॉटचा दिवा घेऊ?' या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येत नाही. कोणतं कोरल, टँकमध्ये कुठे आणि किती खोल ठेवणार, हे आधी ठरवावं लागतं. दिवा त्यानंतर.

वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो. त्यातली किती उजेड झाली, त्यातला किती कोरलच्या कामाचा आणि त्यातला किती प्रत्यक्ष कोरलपर्यंत पोचला, यातलं काहीच तो आकडा सांगत नाही. 'इतक्या लिटरला इतके वॉट' हा हिशोब ट्यूबलाइटच्या काळातला आहे. एलईडीला लेन्स असते, चॅनेल (वेगवेगळ्या रंगांचे स्वतंत्र गट) असतात, मंद-तीव्र करायची सोय असते. त्यामुळे एकाच वॉटच्या दोन फिक्स्चरचा, म्हणजे तयार दिव्यांचा, टँकमधला परिणाम अगदी वेगळा असू शकतो.

मोजायचा असतो तो पीएआर. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातले, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे, किती फोटॉन दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पडतात, त्याचा हा आकडा. एकक मायक्रोमोल. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर तो साधारण २००० असतो. घरच्या टँकमध्ये त्याच्या जवळपासही जायची गरज नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर कोरलमधल्या शैवालाला जास्तीचा उजेड वापरताच येत नाही.

हे शैवाल म्हणजे झूझँथेली. कोरलच्या ऊतीत, पेशींच्या आत राहणारे एकपेशीय जीव. उजेड यांना लागतो, आणि यांनी तयार केलेल्या अन्नावर कोरलचं बरंचसं चालतं. क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी२ आणि पेरिडिनिन ही त्यांची मुख्य रंगद्रव्यं, आणि ती ४०० ते ५०० नॅनोमीटरमधला जांभळा-निळा उजेड सर्वांत जोमाने शोषतात. समुद्राचं पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं, निळा मात्र खोलवर जातो. रीफच्या, म्हणजे कोरल टँकच्या, दिव्यात निळा जास्त का ठेवतात, याचं हे खरं कारण. निळ्याखाली कोरल चमकतात ते त्यांच्यातल्या फ्लोरोसंट प्रथिनांमुळे. दिसायला सुंदर, पण चमक म्हणजे वाढ नव्हे. उजेड अपुरा पडणारं कोरलसुद्धा निव्वळ निळ्याखाली झगमगताना दिसतं.

इथेच डोळा फसवतो. आपली नजर ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, पोपटी-हिरव्या रंगाला, सर्वांत संवेदनशील असते. ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्लू उजेड तेवढ्याच ऊर्जेच्या त्या हिरव्या उजेडाच्या जेमतेम ४ टक्के प्रखर भासतो. म्हणून निळा टँक 'अंधारा' वाटतो, मालक दिव्याची टक्केवारी वाढवत जातो आणि कोरल भाजून निघतं. लक्स मीटर किंवा फोनमधलं लक्सचं अ‍ॅप हीच चूक आकड्यात करतं, कारण लक्स हे मापच मानवी डोळ्यावर बेतलेलं आहे. एकाच दिव्याच्या, एकाच रंगमिश्रणावर 'कालच्यापेक्षा आज कमी की जास्त' एवढं पाहायला लक्स चालेल. त्यावरून पीएआर काढायला मात्र जाऊ नका.

आता आकडे. मशरूम, झोअँथिड, लेदर असली सॉफ्ट कोरल ५० ते १५० पीएआरमध्ये सुखाने राहतात, त्यातही मशरूम खालच्या टोकाला. एलपीएसपैकी (मोठ्या पॉलिपांची, दगडी सांगाड्याची कोरल) ब्लास्टोमुसा, अ‍ॅकन, वाळूवर बसणारी ट्रॅकिफिलिया आणि स्कोलिमिया यांना ५० ते १०० पुरतं. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन आणि गोनिओपोरा यांना १०० ते १५०. एसपीएसमध्ये (बारीक पॉलिपांची दगडी कोरल) मॉन्टिपोरा १५० ते २५०, अ‍ॅक्रोपोरा २५० ते ४००. बबल टिप अ‍ॅनिमोन १५० ते २५० मध्ये सहसा रमतो; जागा पटली नाही तर उठून चालू लागतो, तेव्हा त्याच्या वाटेत महागडं कोरल ठेवू नका. ट्रिडॅक्ना शिंपल्यांपैकी मॅक्सिमा आणि क्रोशिया यांना अ‍ॅक्रोपोराच्या पंक्तीला बसवा. सन कोरल आणि डेन्ड्रोनेफ्थिया यांच्यात झूझँथेली नसतातच. त्यांना उजेड नको, भरपूर खाऊ हवा, म्हणून दिव्याच्या हिशोबातून ती सरळ वगळायची.

हे पट्टे सुरुवातीपुरते. काठावर पाय ठेवण्यापेक्षा पट्ट्याच्या मधोमध राहणं शहाणपणाचं, आणि नवख्याने तर खालच्या निम्म्यातच राहावं. उजेड कमी पडला तर कोरल आठवड्यांनी, महिन्यांनी कुरकुरतं, दुरुस्तीला वेळ मिळतो. जास्त झाला तर दोन-तीन दिवसांत पांढरं पडू शकतं.

आकड्याइतकाच दिवसभराच्या बेरजेला अर्थ आहे. २०० पीएआर ८ तास दिला तर २०० × ३६०० × ८, म्हणजे दिवसाला ५.७६ मोल. तेच २०० जर १० तास दिले तर ७.२ मोल, म्हणजे टक्केवारीला हात न लावता उजेड पाव हिश्श्याने वाढला. हळूहळू चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या वेळा अर्ध्याने धरायच्या. सकाळी १० ते १२ चढता, १२ ते ६ पूर्ण, ६ ते ८ उतरता असं वेळापत्रक लावलं तर दिवा १० तास पेटलेला दिसतो, पण हिशोबाला १ + ६ + १, म्हणजे ८ तासच भरतात. एवढं बहुतेक मिश्र टँकला पुरतं. संध्याकाळी टँक पाहायला मिळावा म्हणून सगळं वेळापत्रक दोन-तीन तास पुढे सरकवायला हरकत नाही. शेवटी तीन तास नुसते वाढवायला मात्र आहे. रात्रीचा निळा मूनलाइट गरजेचा नाही. लावलाच तर तासाभरात बंद होऊ द्या, आणि बाकी रात्र पूर्ण अंधार.

दिवा निवडताना

टँक वरून कसा दिसतो ते कागदावर काढा. लांबी, रुंदी, पाण्याची खोली, दगड कुठे आणि किती उंच, कोणतं कोरल कुठे. मग प्रत्येक जागेसमोर हवा तो पीएआर लिहा. समजा टँक १२० सेंमी लांब, ६० रुंद, ५५ खोल आहे. वरच्या दगडावर थोड्या अ‍ॅक्रोपोरा, मध्ये मॉन्टिपोरा आणि टॉर्च, वाळूवर अ‍ॅकन. मग पाण्याखाली १५ सेंमीवर ३०० च्या आसपास, निम्म्या खोलीवर २०० ते १५०, वाळूवर ८० ते १०० अशी मागणी निघते. आता दुकानातल्या कोणत्याही फिक्स्चरला विचारायचा प्रश्न एवढाच: या खोलीवर, या क्षेत्रफळावर तू किती देतोस?

बहुतेक कंपन्या पीएआरचा नकाशा छापतात. तो वाचताना मधल्या आकड्यावर भुलू नका, कोपऱ्यातले आकडे पाहा. मध्ये ३५० आणि कडेला ६० असा दिवा अ‍ॅक्रोपोरासाठी एका ताटाएवढी जागा देतो, बाकी टँक सॉफ्ट कोरलचा. नकाशा किती खोलीवर, दिवा पाण्यापासून किती उंच ठेवून, सगळे चॅनेल किती टक्क्यांवर लावून आणि पाण्यात की हवेत मोजला, हेही पाहायचं. शंभर टक्क्यांवर सगळे चॅनेल कोणी चालवत नाही, त्यामुळे तो आकडा तुमच्या टँकमध्ये कधीच दिसणार नाही.

चौकोनी पेटीसारखं किंवा गोल, एका ठिकाणी डायोड एकवटलेलं एक फिक्स्चर साधारण ६० बाय ६० सेंमी जागा धड सांभाळतं. म्हणजे १२० सेंमी टँकला दोन, दोन्ही टोकांपासून ३० सेंमी आत, आणि एकसारख्या ताकदीचे. एकच फार ताकदवान दिवा मधोमध टांगणं हा स्वस्त वाटणारा पण महागात पडणारा मार्ग आहे. कडांना पुरेसा उजेड मिळावा म्हणून तुम्ही तो चढवता आणि मधलं सगळं भाजतं. दोन दिवे निम्म्या ताकदीवर चालवले की पसारा समान होतो, पंखे शांत राहतात, डायोडही जास्त टिकतात.

लेन्सचा कोन खोलीप्रमाणे. ४५ सेंमीपर्यंतच्या टँकला १२० अंशांची रुंद लेन्स बरी, ६० सेंमीपुढे ९० च्या आसपासची. दिवा पाण्यापासून २० ते ३० सेंमी उंच. फार खाली आणला की चॅनेलांचे रंग वाळूवर वेगवेगळे दिसतात, मध्ये तीव्र डाग पडतो आणि शिंतोडे लेन्सवर बसतात. फार वर नेला की उजेड टँकबाहेर, खोलीत सांडतो.

एलईडीची खरी खोट म्हणजे सावली. उजेड एका बिंदूतून येतो, त्यामुळे फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोराची खालची बाजू आणि दगडाची बगल अंधारात राहते. टी५ या बारीक ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडून येतो आणि ही बाजूही उजळतो. म्हणूनच दोन किंवा चार टी५ आणि मध्ये एलईडी असा जोड एसपीएस पाळणारे अजून आवडीने वापरतात. १२० सेंमी टँकला ५४ वॉटच्या, ९० ला ३९ च्या, ६० ला २४ च्या ट्यूब बसतात. टी५ ची ताकद आणि रंग दोन्ही उतरतात, ९ ते १२ महिन्यांत ट्यूब बदलाव्या लागतात. सगळ्या एका दिवशी बदलू नका, दोन आठवड्यांना एक असं करा. मेटल हॅलाइड हा प्रखर दिवा कोरलला उत्तम मानवतो, पण उष्णता आणि बाष्पीभवन इतकं वाढवतो की पाणी थंड करणाऱ्या चिलरचा खर्च धरूनच विचार करावा.

रंगमिश्रणात मी साधं धोरण सुचवेन. रॉयल ब्लू आणि ब्लू ८० ते १००, जांभळा ६० ते ८०, पांढरा १० ते ३०, तांबडा आणि हिरवा ० ते ५ टक्के. पांढरा आणि तांबडा वाढवला की मासे छान दिसतात, पण काचेवरचं आणि दगडावरचं नको ते शैवालही खुलतं. एकदा डोळ्याला पटलं की हे प्रमाण कायम ठेवा आणि पुढे फक्त एकूण तीव्रता हलवा. प्रमाण आणि तीव्रता दोन्ही एकदम बदलली तर कोरल कशामुळे बिघडलं हे कधीच कळत नाही.

मोजणी

पीएआर मीटर विकतच घ्यायला हवा असं नाही, वर्षातून दोनदा लागतो. एखाद्या रीफवाल्याकडून दोन दिवस आणला तरी भागतं. मात्र तो पाण्याखाली चालणारा हवा आणि निळा नीट मोजणारा हवा. अपोजीचा एमक्यू-५१० यासाठीच बनवलेला आहे, पाण्यात वाचन कमी येतं त्याची दुरुस्ती त्यात आधीच धरलेली असते. हवेसाठीचा सेन्सर पाण्यात बुडवून मिळालेला आकडा खरा नसतो, आणि काही जुने सेन्सर तर रॉयल ब्लूही कमी दाखवतात.

मोजायच्या आधी काच पुसा, दिव्याची लेन्स पुसा, माशांनी उडी मारू नये म्हणून बसवलेली जाळी जागेवर ठेवा. जाळीही उजेड खाते, आणि कोरलला मिळतो तो जाळीखालचाच. दिवा दिवसातल्या कमाल पातळीवर आणा. लाटा उठवणारे पंप काही मिनिटं बंद करा, नाहीतर पृष्ठभागावरच्या तरंगांमुळे आकडा २०० वरून ३५० वर आणि परत असा नाचत राहतो. सेन्सर काठीला बांधून, तोंड अगदी वर, आडवा न कलंडता धरा. तो थोडा कलला तरी वाचन खोटं. तुमचा हात आणि डोकं दिव्याखाली येऊ देऊ नका. वाळूवर चार कोपरे आणि मध्य, निम्म्या खोलीवर तेच पाच, आणि वर जिथे कोरल बसणार आहे ती प्रत्येक जागा, असे किमान पंधरा आकडे त्या कागदावर लिहा. दिव्याच्या अ‍ॅपमधले ५० टक्के म्हणजे निम्मा पीएआर असेलच असं नाही, म्हणून ४०, ६० आणि ८० टक्क्यांवर एकाच ठिकाणी मोजून ठेवा. मीटर परत गेल्यावर हाच तक्ता कामाला येतो.

उजेड अंगवळणी पाडणं

नुकसान बहुतेक इथे होतं. नवं कोरल विकणाऱ्याकडे किती पीएआरमध्ये होतं ते विचारा. माहीत नसेल तर वाळूजवळच्या रॅकवर, ५० ते ८० मध्ये आठवडाभर ठेवा. पॉलिप पूर्ण उघडू लागले की दर चार-पाच दिवसांनी ५ ते ७ सेंमी वर सरकवत ठरलेल्या जागी न्या. अ‍ॅक्रोपोराला ३०० च्या जागी पोचायला तीन-चार आठवडे लागले तर उशीर झाला असं समजू नका.

दिवाच बदलत असाल तर जुना उतरवण्यापूर्वी त्याचा पीएआर मोजा आणि नवा आधी त्याच आकड्यावर आणा. मोजता येत नसेल तर नवा ३० ते ४० टक्क्यांवर सुरू करून दर आठवड्याला ५ टक्के चढवा. अनेक फिक्स्चरच्या अ‍ॅपमध्ये हे आपोआप करणारा मोड असतो. ज्यांचा दिवा मंद होत नाही त्यांनी खिडकीच्या मच्छरजाळीचे तीन-चार थर टँकवर टाकावेत आणि दर पाचव्या दिवशी एक काढावा.

एक झटका अनेकांच्या लक्षातच येत नाही. पाणी महिनोन्महिने हळूहळू पिवळसर होत जातं आणि हा पिवळेपणा नेमका निळा-जांभळा उजेड शोषतो. मग एके दिवशी भरपूर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाकला की पाणी काचेसारखं होतं आणि दिव्याला हात न लावता कोरलवरचा उजेड एकदम वाढतो. वर्षभर न पुसलेलं काचेचं झाकण साफ केल्यावरही हेच. कार्बन थोडा थोडा, नियमित वापरा. मोठी साफसफाई केली तर त्या आठवड्यात दिवा १० ते १५ टक्के उतरवा.

बिघाड वाचताना

जास्त उजेडात झूझँथेलीची प्रकाशयंत्रणा तुंबते, घातक ऑक्सिजनचे रेणू तयार होतात आणि कोरल त्या शैवालाला बाहेर काढतं. रंग जातो, पण ऊती अजून जिवंत असते. जवळून पाहा: पारदर्शक त्वचेतून पांढरा सांगाडा दिसतो आणि बारीक पॉलिप जागेवर असतात. पिपेटने हळूच पाणी मारलं तर ते आत खेचले जातात. हे कोरल वाचू शकतं. सावलीत न्या, हळूहळू खाऊ द्या. त्वचाच तुकड्यांनी निघून सांगाडा उघडा पडला असेल तर ते वेगळं दुखणं, आणि त्याचं कारण बहुधा उजेडाबाहेर असतं.

फिकेपणा कुठे आहे यावरून बरंच कळतं. दिव्याकडची बाजू फिकी आणि सावलीतली बाजू रंगीत असेल तर उजेड जास्त. सगळीकडून सारखंच फिकं असेल तर नायट्रेट आणि फॉस्फेट ही पाण्यातली पोषकद्रव्यं तपासा, शून्य आले तर दिवा उतरवून उपयोग नाही. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. अ‍ॅक्रोपोराची फक्त टोकं जळाली असतील तर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, डीकेएचमध्ये मोजतात) पाहा. भरपूर उजेड, उपाशी पाणी आणि चढी अल्कलिनिटी हे तिघं एकत्र आले की टोकं जातात; अशा टँकमध्ये अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या आसपास स्थिर राहिलेली बरी. कोरल तपकिरी पडत असेल तर उजेड कमी असू शकतो, कारण कमी उजेडात ते शैवाल आणि रंगद्रव्यं वाढवतं. पण नायट्रेट-फॉस्फेट फार चढले तरीही रंग असाच होतो. आधी पाणी मोजा, मग अ‍ॅप उघडा. मशरूम आक्रसून कडा वर वळवत असेल, तर मात्र वाट न पाहता खाली सरकवा.

बदल केला की दोन आठवडे हात बांधून बसा. कोरलचा रंग रोज वेगळा दिसत नाही. आठवड्याला एकदा, एकाच वेळी, एकाच चॅनेल प्रमाणाखाली फोटो काढलात तरच फरक कळतो.

देखभाल थोडी पण नेमाने. लेन्सवर मीठ आणि धूळ बसते, महिन्यातून एकदा दिवा बंद करून, गार झाल्यावर, आरओच्या पाण्यात ओला केलेला मायक्रोफायबर फिरवा. पंख्याची जाळी ब्रशने साफ करा. तो अडला की दिवा गरम होऊन स्वतःहून मंद होतो आणि कारण सापडत नाही. प्रत्येक तारेला प्लगपेक्षा खाली येणारा झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता जमिनीवर टपकेल. टँकच्या सगळ्या विजेला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, यात तडजोड नको.

आणि तो कागद फेकू नका. सहा महिन्यांनी अ‍ॅक्रोपोरा बरीच पसरलेली असते, तिचं टोक पाण्यापासून ५ सेंमीवर आलेलं असतं. दिवा ज्या टक्क्याला होता त्याच टक्क्याला तिथे आता ५०० पीएआर पडत असेल, आणि तिच्या छायेत बसलेल्या टॉर्चवर ४०. अशा वेळी दिवा हलवायचा नाही. वरच्या फांद्या कापायच्या, मोजलेल्या जागी खाली चिकटवायच्या आणि टॉर्च सावलीतून बाहेर सरकवायचा.